वाचलेला तास कोणाचा?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हैदराबादेत हायटेक सिटीकडे रोज धावणारे कित्येक तरुण घरी बसून काम करू लागले. त्यांतील काही जण आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच मेट्रोने कचेरीत जातात. जाण्यायेण्याचा वेळ वाचला, अंगाचा शीण वाचला. याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.

पण हा वाचलेला तास कोणाचा? ‘आमचा’, असे आपण सहज म्हणतो. मात्र परिचारिका, बसचालक, झाडूवाली बाई यांना घरी बसून काम करता येत नाही. आपल्या दारी जेवण पोहोचविणारा मुलगा आपल्या वाटणीचा रस्ता तुडवीत असतो.

प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी प्रवासात होता, म्हणूनच त्याला जखमी मनुष्य दिसला. याजक व लेवीही त्याच वाटेने गेले. तेव्हा नुसता प्रवास पुरेसा नाही, हेही खरे. तरी ज्याची रोजची वाट सुटली, त्याने शेजाऱ्याला शोधण्यासाठी मुद्दाम बाहेर पडावयास हवे.

वाचलेल्या तासाचे आपण मालक नसून कारभारी आहोत. त्यातील काही वेळ आजाऱ्याच्या भेटीस, शब्बाथशाळेच्या तयारीस देऊ या. नाही तर घरात बसूनही आपण दुसऱ्या बाजूने निघून गेलो, असेच होईल.