सोबत आणि कारण

विट्याच्या परिसरातून जाताना आम्हांस एक विसंगती जाणवते. मुलूख दुष्काळी, तरीही कित्येक खेड्यांत टोलेजंग घरे उभी आहेत. पर्जन्य अल्प आणि वैभव विपुल, असे दोन रकाने कोणी मांडले, तर दुष्काळच धन देतो असा विपरीत निष्कर्ष निघेल! वस्तुतः या दोहोंमध्ये तिसरी गोष्ट दडलेली आहे. दुष्काळाने माणसांना गावाबाहेर काढले. धन दिले ते परमुलखात केलेल्या सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्याने.

संख्याशास्त्रातील सहसंबंध गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. दोन राशी सरळ रेषेत किती जवळून सोबत चालतात, एवढेच तो सांगतो. कोणी कोणास चालविले, हे सांगत नाही.

आपण मात्र सोबतीलाच कारण मानतो. गेला तो उद्योगी, मागे राहिला तो आळशी, असा निवाडा सहज करतो. मागे राहिलेल्याच्या घरी अंथरुणास खिळलेली आई होती काय, परमुलखात आधार देणारा आप्त त्याला होता काय, हे आपण विचारलेलेच नसते. आकड्यांविषयी ही चूक गणिताची असते. माणसांविषयी ती अन्यायाची ठरते. म्हणून निवाड्यापूर्वी त्या तिसऱ्या गोष्टीचा शोध घेणे, हे आपले कर्तव्यच होय.