नेम मोडला, तो कोणाचा?

वारकरी बंधुभगिनींनो, एक प्रश्न आम्हांस फडावर, कीर्तनाच्या पंगतीत आणि मुक्कामाच्या राहुटीत अनेकांनी विचारला आहे. आजाऱ्यापाशी बसण्यासाठी ज्याची वारी चुकली, त्याचा नेम मोडला की नाही? उत्तर सोपे वाटते. कोणीही चटकन म्हणतो, "अहो, सेवा हीच वारी!" आम्हीही पुष्कळ वर्षे असेच म्हणत होतो. परंतु ज्या बाईने हे सारे करून दाखविले ती मात्र असे कधी म्हणाली नाही. ती बाई म्हणजे आमची आजी. तिची हकीकत सांगितल्यावाचून या प्रश्नात शिरता येणार नाही.

आजी फलटण तालुक्यातली. लग्न होऊन सासरी आली तेव्हा परकर नेसत होती. सासऱ्यांच्या हातून माळ घातली आणि तेव्हापासून एकादशी, हरिपाठ व आषाढीची वारी यांत खंड नाही. बासष्टाव्या वर्षी आजोबा आजारी पडले. सरकारी दवाखान्यात दोन महिने होते आणि तेथेच गेले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिला भेटायला कोणीच येत नसे. आजोबांचे दिवस झाल्यावर चौदाव्या दिवशी आजी डब्यात पेज घेऊन निघाली. आईने विचारले, "आत्याबाई, आता कुठं?" म्हणाली, "त्या बयेला कोन हाय? बघून येते."

ती गेली ती सव्वीस वर्षे जात राहिली. तिच्याजवळ एक कापडी पिशवी असे. तीत फणी, खोबरेल तेलाची बाटली, वाटी-चमचा, सुईदोरा आणि हरिपाठाचे चोपडे. बायकांचे गुंतलेले केस विंचरून द्यावेत, ज्याचा हात प्लास्टरमध्ये आहे त्याला घास भरवावा, खेड्यातून आलेल्या भांबावलेल्या माणसास केसपेपर कोठे काढायचा, एक्स-रेची खोली कोठे, हे दाखवावे. शिकलेली नव्हती, हरिपाठ तोंडपाठ होता. चोपडे नुसते जवळ बाळगी. सिस्टर तिला आजी म्हणत, डॉक्टरही म्हणत. पगार नाही, पास नाही, फोटो नाही.

आता ती गोष्ट. आजीला चौऱ्याहत्तरावे वर्ष होते. आळंदीपासून चालणे झेपेना म्हणून त्या वर्षी माउलींची पालखी आमच्या बाजूस आली की दिंडीत सामील व्हायचे ठरले होते. वळकटी बांधून तयार होती. आदल्या संध्याकाळी ती दवाखान्यात सांगायला गेली, तो तेथे एक म्हातारा वारकरी आणून टाकलेला. परभणीकडचा. वाटेत ताप भरला, उलट्या झाल्या. त्याच्या दिंडीतल्यांनी दवाखान्यात पोचविला आणि ते पुढे गेले. दिंडीला थांबता येत नाही, हे खरेच आहे. म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडत होता. ताप सोसवेना म्हणून नव्हे, वारी हुकली म्हणून.

सकाळी पालखी गेली. आजी गेली नाही. अकरा दिवस त्याच्यापाशी बसली. संध्याकाळी त्याच्या कानाशी हरिपाठ म्हणे. त्याचा मुलगा आला आणि त्याला घेऊन गेला, तेव्हाच ती घरी आली.

आमचे दिंडीवाले बुवा परतल्यावर तिला म्हणाले, "आजी, नेम मोडलात." आम्ही तरणे होतो, भांडायला उठलो. आजीने आम्हांस बसविले आणि म्हणाली, "मोडला खरा. देनं ऱ्हायलं माज्याकडं." पुढल्या वर्षी तिने आषाढीही केली आणि कार्तिकीही केली.

या तिच्या बोलण्यावर आम्ही वर्षानुवर्षे विचार केला आहे. सेवा हीच वारी, असे म्हटले की दोन्ही हिशेब एकदम मिटतात. देणे कोणाचेच राहत नाही. आजीने हिशेब मिटविला नाही. एक मोठी गोष्ट तिने दुसऱ्या मोठ्या गोष्टीसाठी सोडली, आणि सोडली हे लक्षात ठेवले.

आपल्या संप्रदायाचा आरंभच पाहा ना. पुंडलिकाने आईबापांचे पाय सोडले नाहीत. पण देव दाराशी आला तर "आता तुझे काम नाही" असेही म्हणाला नाही. वीट फेकली आणि थांब म्हणाला. पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपण सारे जाणतो. रामेश्वरासाठी कावडीने आणलेली गंगा त्यांनी तहानेल्या गाढवाच्या मुखात घातली. त्या गंगेचे मोल त्यांना ठाऊक होते म्हणून तर त्या कथेला मोल आहे. नळाचे पाणी पाजले असते तर कथा झाली नसती. 2020 साली महामारीमुळे पायी वारी निघाली नाही, पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या. आजाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून साऱ्या संप्रदायाने नेम बाजूस ठेवला. तेव्हा घरोघर वारकरी रडले. ते रडणे योग्य होते आणि घरी राहणेही योग्य होते.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगणे जड जाते.

आजीला एक्याण्णवावे वर्ष चालू होते. ज्येष्ठात पडली, त्याच दवाखान्यात ठेवली. आम्ही दिंडीत निघणार होतो. विचारले, "आजी, जाऊ का राहू?" म्हणाली, "आरं जा तू. माजं हितं समदं हाय." आम्ही गेलो. वेळापूरच्या मुक्कामी फोन आला. शेवटच्या रात्री तिच्या उशाशी दवाखान्यातली एक मावशी होती, आणि जिचे केस आजीने कधीकाळी विंचरले होते अशी एक बाई. आम्ही नव्हतो.

लोक म्हणाले, "तिनेच पाठविले ना? नेम पाळलात, धन्य!" आमचे समाधान होत नाही. ती सर्वांनाच जा म्हणत असे. खरे सांगायचे तर वाटेवर टाळ होता, मृदंग होता, सोबत होती. खाटेपाशी औषधाचा वास होता आणि न सरणारी रात्र होती. आम्ही आम्हांस गोड ते निवडले आणि त्याला नेम हे नाव दिले.

मग जे जड तोच धर्म काय? तसेही नव्हे. आजाऱ्यांवाचून कोणतेही वर्ष जात नाही. तेवढ्यावर वारी सोडावी तर पंढरीची वाट ओस पडेल. दवाखाना भरलेला असतानाही आजी वर्षानुवर्षे वारीला गेली, कारण त्या त्या खाटेपाशी कोणाचे तरी कोणी होते. ती एवढेच पाही की आपल्यावाचून अडते कोठे. वाटेवर लाखो पावले असतात, त्यांत दोन कमी झाली तर पालखी अडत नाही. त्या परभणीच्या म्हाताऱ्यापाशी दुसरे कोणी नव्हते. आमच्या आजीपाशीही रक्ताचे दुसरे कोणी नव्हते. आईवडील आधीच गेले होते. हे आम्हांस ठाऊक होते.

तेव्हा आमची वारी घडली आणि नेम मोडला, असे आम्ही मानतो. आजीची वारी चुकली आणि नेम मोडला, पण ती देणे फेडून गेली. आमचे फेडायचे आहे. तिची पिशवी आता आम्ही नेतो. फणी धरायला अजून नीट जमत नाही.

दिंडीचालक बंधूंना एकच विनंती. वाटेत कोणी वारकरी आजारी पडला तर दवाखान्यात पोचवून पुढे जाऊ नये. त्याचे घरचे येईतो दिंडीतला एक माणूस त्याच्यापाशी ठेवावा. जो राहील त्याची वारी चुकेल. त्याला "सेवा हीच वारी" असे सांगून त्याची बोळवण करू नका. पुढल्या वर्षी त्याला विण्याजवळ चालवा.

रामकृष्णहरि.