उंचीची रुजुवात

जमाबंदीची जुनी दप्तरे ज्यांनी चाळली असतील, त्यांना ‘रुजुवात’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. नक्कल अस्सलाशी ताडून पाहायची आणि मगच तिच्यावर शेरा मारायचा, ही रुजुवात. एक नक्कल दुसऱ्या नकलेशी तंतोतंत जुळली, तर कारकुनाची दक्षता तेवढी शाबीत होते. मजकुराची सत्यता होत नाही. विमानाच्या उंचीसंबंधी विचार करताना हा दफ्तरी शब्द मला वारंवार आठवतो.

वैमानिकापुढील मुख्य उंचीमापक उंची मोजतच नाही. तो बाहेरच्या हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचे अनुमान करतो. १६४८ च्या सप्टेंबरात पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये फ्रान्समधील पुई द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला आणि वर पारा खाली उतरतो हे त्याने दाखवून दिले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. परंतु त्याच जातीची दुसरी नळी त्याने पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि दिवसभर तिच्याकडे पाहत राहण्यास तेथील एका साधूला बसविले होते, हे सहसा कोणी सांगत नाही. दाब चढण्याने बदलतो तसा हवामानानेही बदलतो, ही शंका त्याच्या मनात असल्यावाचून त्याने ही तजवीज केली नसती. माझ्या मते त्या प्रयोगाचे खरे मोठेपण वर नेलेल्या नळीत नसून खाली ठेवलेल्या नळीत आहे.

आजच्या विमानाला पायथ्याची ही नळी एका आकड्याच्या रूपाने मिळते. विमानतळावरील दाब समुद्रसपाटीशी जुळवून हेक्टोपास्कलमध्ये सांगितला जातो आणि वैमानिक तो उंचीमापकात बसवितो. ठराविक उंचीच्या वर मात्र सारेच वैमानिक तो आकडा सोडून १०१३.२५ हा एकच प्रमाण दाब बसवितात. खालच्या हवेत त्या क्षणी तो दाब असेल वा नसेल; म्हणून वर दाखविली जाणारी उंची बहुधा खरी नसते. पण सर्वांचे उंचीमापक सारखेच चुकतात आणि त्यामुळे एकमेकांमधले अंतर अबाधित राहते! सत्यापेक्षा एकवाक्यतेवर अधिक भिस्त ठेवणारी, आणि तरीही सर्वस्वी समंजस, अशी दुसरी व्यवस्था मला ठाऊक नाही. ती ढळते तेव्हा काय होते, हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात दिसले. सौदी विमानाला १४,००० फुटांची आणि कझाक विमानाला १५,००० फुटांची मर्यादा दिलेली होती. दुसरे आपल्या मर्यादेखाली उतरले आणि दोन्ही विमानांच्या टकरीत ३४९ माणसे गेली.

भूमीजवळ मात्र एकवाक्यता पुरत नाही. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर एक एअरबस ए-३२० पावसात उतरत होते. दाब १००१ असता नियंत्रकाने १०११ सांगितला. वैमानिकांनी रिवाजाप्रमाणे १०११ असा पुनरुच्चार केला. नियंत्रकाला अर्थातच त्यात काही वावगे दिसले नाही. एका हेक्टोपास्कलला सुमारे २८ फूट या हिशेबाने विमान दाखविल्या जाणाऱ्या उंचीपेक्षा सुमारे २८० फूट खाली होते. धावपट्टीवरून उतरत्या मार्गाची रेषा देणारी रेडिओयंत्रणा त्या दिवशी बंद होती, आणि जी पद्धत वापरली जात होती तिच्या उतरणीचा सारा भार याच दाबावर होता. जमिनीपर्यंतचे अंतर रेडिओलहरींनी प्रत्यक्ष मोजणाऱ्या यंत्रावर किमान नोंद झाली ती सहा फुटांची. धावपट्टी अद्याप दूर होती. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेले, ते धावपट्टी नजरेस पडली नाही म्हणून. आपण किती खाली आहो, याची त्यांना वार्ताही नव्हती.

येथे कोणाच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः प्रत्येकाने नेमून दिलेले काम केले. दोष त्या कामाच्या कल्पनेत आहे. पुनरुच्चाराने ऐकण्याची शहानिशा होते, आकड्याची नाही. ती नकलेशी ताडलेली नक्कल आहे. विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-निवेदनात १००१ हाच आकडा होता, आणि फ्रेंच बोलणाऱ्या एका विमानाला त्याच नियंत्रकाने फ्रेंचमध्ये बरोबर आकडा सांगितला होता. अस्सल हाताशी होते. त्याच्याशी ताडून पाहण्याचा हुकूम तेवढा कोणाला नव्हता.

म्हणून वैमानिकांना ‘अधिक सावध राहा’ असे बजावणारी परिपत्रके मला निरुपयोगी वाटतात. नियंत्रकाने उच्चारलेला आकडा ध्वनिमुद्रित निवेदनाशी जुळल्यावाचून तो बसवू नये, असा नियम करता येतो. विमानात प्रत्यक्ष बसविलेला दाब आपोआप भूमीकडे कळविण्याची सोय अनेक विमानांत आहे, आणि तो खऱ्या दाबाशी ताडून विसंगती नियंत्रकाला दाखविणारे साधन ब्रिटनमध्ये वापरातही आले आहे. यात खर्च आहे आणि पडद्यांवर इशाऱ्यांची आणखी एक भर आहे, हे मी नाकारीत नाही. पण पायथ्याशी नळी ठेवण्याचा खर्च पेरियेनेही केलाच होता.

पॅरिसच्या त्या विमानाने थोड्या वेळाने दुसरा प्रयत्न केला. तेव्हाही उंचीमापकात १०११ हाच आकडा होता. या वेळी धावपट्टी दिसली, आणि वैमानिकांनी डोळ्यांच्या आधारे विमान उतरविले.