स्मृति कीं संस्कार?

संगणकाच्या पोटांत माहिती सांठविण्याची जी व्यवस्था असते, तिला इंग्रजींत 'मेमरी' म्हटलें गेलें आणि आपणही निमूटपणें तिला 'स्मृति' म्हणूं लागलों. नांव एकदां रूढ झालें म्हणजे त्याची झडती कोण घेतो? परंतु आपल्या नैयायिकांनीं येथें उपयोगी पडेल असा एक भेद करून ठेविला आहे. अनुभवाचा जो सुप्त ठसा आत्म्याच्या ठिकाणीं राहतो तो संस्कार. आणि तो जागृत होऊन जें ज्ञान उत्पन्न होतें ती स्मृति. या कसोटीनें पाहतां यंत्रापाशीं संस्कार विपुल आहेत, स्मृति एकही नाहीं. हा केवळ शब्दांचा वाद आहे, असें मात्र मला वाटत नाहीं.

यंत्रांत संस्कार टिकतो कसा, हें आधीं पाहूं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या 'टिफ्रॅक' यंत्रांत हें काम फेराइटच्या चिमुकल्या कड्यांकडे होतें. कडें एका दिशेनें चुंबकित झालें तर शून्य, उलट दिशेनें झालें तर एक. गंमत अशी कीं, नोंद वाचूं जातां ती पुसली जाई व लागलीच पुन्हां लिहावी लागे. रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, आणि जिच्यावर आजच्या संगणकांचें चालू काम होतें, ती तर याहून नाजूक. एकेका अंकास एक ट्रान्झिस्टर आणि विद्युद्भार धरणारा एक कपॅसिटर. पण हा भार सारखा झिरपतो. गळक्या घागरींत पाणी ओतीत राहावें त्याप्रमाणें, सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत, प्रत्येक घर वाचून पुन्हां भरावें लागतें. सहा ट्रान्झिस्टरांच्या स्थिर रचनेस हें भरणें लागत नाहीं. पण ती महाग, म्हणून थोडी, आणि वीज जातांच तीही कोरी.

फ्लॅशची जात निराळी. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत काढलेल्या या प्रकारांत इलेक्ट्रॉन निरोधक भिंतीआड कोंडलेले असतात, व वीज नसतांही ते वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. येथें राखणें फुकट, पुसणें महाग. एक ओळ पुसावयाची तरी सबंध गठ्ठा पुसावा लागतो, आणि दर वेळीं ती भिंत झिजते. म्हणून आपण 'काढून टाक' म्हटलें तरी यंत्र बहुधा अनुक्रमणिकेंतील नोंद तेवढी खोडतें. मजकूर पुढें सवडीनें पुसला जाईपर्यंत पडून असतो.

माणसाचें स्मरण मला पहिल्या जातीचें वाटतें. भीतीची आठवण जागी केली असतां ती कांहीं काळ सैल होते व नव्यानें बसवावी लागते, असें २००० सालीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. जणूं तीं फेराइटचीं कडींच! शेजाऱ्यानें वीस वर्षांपूर्वीं केलेला अपमान आज ताजा असेल, तर ती घागर आपणच भरीत आलों आहों. तें आपलें कर्म आहे व त्याचा जाब आपणांस विचारतां येतो. क्षमा म्हणजे हें ओतणें थांबविणें. परंतु कोठल्याशा यंत्रांत पडून राहिलेला एखाद्याचा जुना दोष कोण जपतो? कोणीच नाहीं, आणि जपणारा नाहीं तेथें क्षमा करणाराही नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, विस्मरण नेहमीं बलवानाच्याच पथ्यावर पडतें, दुबळ्याला नोंद हाच आधार. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सरसकट पुसण्याचा मी पुरस्कर्ता नाहीं. युरोपीय संघाच्या न्यायालयानें २०१४ सालीं दिलेला निर्णय मला याच दृष्टीनें विचारार्ह वाटतो. स्पेनमधील एका गृहस्थाच्या थकलेल्या देण्यापायीं त्याच्या मालमत्तेचा लिलाव पुकारला होता. त्याची १९९८ सालची वर्तमानपत्री सूचना त्याचें नांव शोधतांच पुढें येई. न्यायालयानें ठरविलें कीं, अशी गतार्थ माहिती नांवाच्या शोधांतून वगळण्याची मागणी करतां येते. वर्तमानपत्राचें पान मात्र जागच्या जागीं राहिलें. जुनीं पोक्त माणसें असेंच वागत. ठाऊक सर्व असे, पण पंगतींत विषय निघत नसे. अडचण एवढीच कीं, हा अर्ज प्रथम शोधयंत्र चालविणाऱ्या कंपनीकडेच करावा लागतो, आणि कोणाचें काय झांकावें याचा पहिला निवाडा तीच करते.