माती नको, मग काय?

स्टॅगहॉर्न फर्नला माती लागत नाही, हे माझ्या सासूबाईंना काही केल्या पटत नाही. "अवं, कपाशीची काळी माती आहे आपली. हिच्यात काय येत नाही?" त्यांचा सवाल बिनतोड आहे. आमच्या झरी जामणी तालुक्यातली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. कपाशीला ते मानवतं. पण जी वनस्पती रानात दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून वाढते, तिच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळ्या चिखलात ती कुजतात.

घरोघरी टांगलेली असते ती जात मूळची ऑस्ट्रेलियाकडची. आमच्याकडे मोहाच्या, आंब्याच्या फांदीवर रास्ना दिसते, तिचंही असंच. फांदी धरते, फांदीचा रस घेत नाही. शेजारच्याच फांदीवर बांडगूळ असतं. ते सालीच्या आत शिरून झाडाचं पाणी ओढतं. खालून जाणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

आमचं घर महानुभाव पंथाचं. सासरे उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले, त्यामुळे दारी भिक्षुक यायचे, दंडवत व्हायचा, भाजी-भाकर झोळीत पडायची. ते वळले की गल्लीतलं कोणीतरी हमखास म्हणायचं, "बांडगुळं मेली." मला तेव्हा राग यायचा, पण उत्तर सुचायचं नाही. सगळं सोडलेला माणूस जर दुसऱ्याच्या दारावर जगत असेल, तर त्यानं सोडलं काय?

तेराव्या शतकात आमच्या पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितलं ते कडक आहे. आपला मुलूख सोडा, गाव सोडा, नात्यागोत्याच्या माणसांचा संबंध तर आधी सोडा, आणि ओळख नसलेल्या प्रदेशाच्या टोकाला झाडाखाली आयुष्य काढा. केसोबासांनी स्वामींची वचनं एकत्र केली, त्या सूत्रपाठात हे आलेलं आहे. (आमचा तालुका महाराष्ट्राच्या टोकालाच आहे, पुढे तेलंगण लागतं. झाडंही आहेत. पण ओळखी फार!) भिक्षेचाही नेम असा की एकाच घरी पोट भरायचं नाही, दारोदार थोडं थोडं घ्यायचं, चव बघायची नाही.

हा नेम मला नीट कळला तो या फर्नची पानं बघताना. तिला दोन तऱ्हेची पानं येतात. सांबराच्या शिंगासारखी फाटे फुटलेली बाहेर झुकतात, त्यांच्यावरच बीजाणू धरतात. दुसरी गोल, ढालीसारखी, बुडाशी आधाराला चिकटून बसतात. ती थोड्याच दिवसांत तपकिरी, कागदासारखी होतात. मेली म्हणून लोक कापून टाकतात. कापू नयेत, कारण त्यांचं काम मेल्यावरही चालूच असतं. रानात वरून पडलेला पाचोळा, किड्यांची घाण, पावसाचं पाणी त्या ढालीमागे अडकतं, कुजतं, आणि मुळांना तेवढं पुरतं. ज्या झाडावर बसली त्याची साल ती फोडत नाही. गळून पडलं ते घेते. बांडगूळ आणि भिक्षुक यांतला फरक मला इथे सापडतो. संन्याशाच्या वेषातही बांडगुळं असतात, हे मी नाकारत नाही.

पण घरात पाचोळा पडत नाही, आणि अडचण तिथेच आहे. परदेशी बागकामवाले फर्न लाकडी फळीला मॉस लावून तंगुसानं बांधतात. दिसायला देखणं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, झळा लागतात, तेव्हा फळीवरचं मॉस सकाळी भिजवलं तर दुपारी खडखडीत. म्हणून मी पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीतल्या, एका बाईकडून बांबूची टोपली घेतली. तिच्यात नारळाच्या सालीचे तुकडे घातले. ते आधी दोन-तीन पाण्यातून धुऊन काढावे लागतात, त्यांत खार असतो. सोबत लोणारी कोळशाचे खडे आणि वर मूठभर मॉस. मूठभरच, कारण थंड मुलखातल्या ज्या दलदलीत मॉस वाढतं, तिथे त्याचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतो. निःसंग वनस्पतीसाठी कोणाचं तरी दलदल खरवडणं मला बरं वाटत नाही.

सालीचे तुकडे काय करतात? पाणी धरतात आणि जास्तीचं सोडून देतात, मधल्या फटींतून हवा जाऊ देतात. अन्न म्हणून ते जवळपास काहीच देत नाहीत. माती नको याचा अर्थ काहीच नको असा होत नाही, हे सासऱ्यांशी बोलताना मी याच टोपलीवरून मांडलं. मी विचारलं, "बाबा, स्वामींनी सगळे संबंध सोडायला सांगितले. मग बाईसा?" स्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रात पानोपानी बाईसा आहेत. नागुबाई नावाची ही बाई स्वामींचं जेवणखाण बघायची, सेवा करायची. असंगाचा उपदेश झाला त्या जागी चूल पेटलेली होती, आणि ती कोणीतरी पेटवली होती. ज्याला माती नको, त्याला पाणी घालणारा लागतोच. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत या पाणी घालणाऱ्याला फार जागा नसते. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी ती दिली, म्हणून मला त्यांचा ग्रंथ मोठा वाटतो.

सासरे थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाईसांची सेवा खरी. पण तुझं काय? भिक्षुकानं दार बदललं तरी चालतं. दारातली बाई तिथंच बांधलेली राहते. तू या टोपलीपायी उन्हाळ्यात माहेरी जात नाहीस."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. चक्रधरांचा उपदेश जाणाऱ्यांसाठी होता. घरी राहून टोपली बादलीत बुडवून काढणाऱ्या वासनिकांनी, म्हणजे पंथातल्या संसारी माणसांनी, असंग कसं व्हायचं, हे विचारायला या चातुर्मासात पंथाच्या तीर्थक्षेत्री, रिद्धपूरला जायचं म्हणते आहे. तेवढे दिवस पाणी सासूबाई घालतील. फक्त त्यांनी टोपलीत काळी माती टाकू नये, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं आहे.