देवाने केलेले बाळंतपण

बुलढाणा जिल्ह्याच्या देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेले असून, त्यांची बहीण निर्मळा हिचेही नाव याच गावाशी जोडलेले आहे. आणि या भावाबहिणींच्या चरित्रातील जी एक कथा कीर्तनकार आजही सांगतात, तिच्यात या जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राच्या धर्मबुद्धीपुढे एक प्रश्न ठेवलेला आहे असे मला वाटते. चोखोबांची पत्नी सोयराबाई आसन्नप्रसवा आहे, घरात दाणा नाही, जवळ बाईमाणूस नाही, आणि चोखोबा बहिणीच्या गावी गेलेले आहेत. अशा वेळी साक्षात विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन दारात येतो आणि भावजयीचे बाळंतपण स्वतःच्या हातांनी करतो.

देवाने भक्तांघरी राबल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्याने जनाबाईंबरोबर दळण दळले, दामाजीपंतांसाठी बादशहाच्या खजिन्यात रक्कम भरली. पण ती कामे कष्टाची असली तरी अस्पृश्य नव्हती. येथे मात्र देवाने रक्त, वार आणि नाळ यांना हात घातला, म्हणजे ज्या गोष्टींमुळे दहा दिवसांचे जननाशौच लागते आणि ज्या हाताळणाऱ्या सुइणीला, तिची गरज संपताच, उंबऱ्याबाहेर उभे करण्याची वहिवाट शतकानुशतके चालत आली, त्याच गोष्टींना. मग एक तर देव विटाळला असे म्हणावे लागते, नाही तर विटाळाचा आपला हिशेबच चुकला होता असे कबूल करावे लागते. तिसरी वाट या कथेने मोकळी ठेवलेली नाही. सोयराबाईंनी तर आपल्या अभंगातून हा प्रश्न उघडपणे विचारला आहे: विटाळावाचून जर जगात एकही देह उपजत नाही, तर सोवळा म्हणायचे कोणाला?

तथापि, शुद्धाशुद्धतेचा विचारच टाकून द्यावा, असे मी म्हणणार नाही. प्रसूतीच्या खाटेपाशी शुचिर्भूतता हवीच, प्रश्न एवढाच की ती कोणी पाळायची. 1847 साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला आढळले की, ज्या कक्षात डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट बाळंतिणींपाशी येत, तेथे बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक होत्या. त्याने येणाऱ्या प्रत्येकाला क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास भाग पाडले, आणि 1846 मध्ये शंभरात अकरांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 1848 मध्ये दीडाच्याही खाली आले. विटाळ बाळंतिणीच्या अंगी नव्हता. तो तिच्याकडे येणाऱ्यांच्या हातांवर होता. सोवळे तिच्याजवळ जाणाऱ्याने पाळावयाचे, हा सिद्धान्त विठ्ठलाच्या या कथेशी ताडून पाहिला म्हणजे दोहोंतील अंतर फारसे उरत नाही.

जुन्या रूढीत बाळंतिणीला चुलीपासून सुटका मिळे, शेकशेगडी मिळे, हे मी नाकारीत नाही. पण तीच रूढी तिला घरातील सर्वांत काळोख्या, वारा नसलेल्या कोपऱ्यात ढकलीत असे, आणि तिच्याखाली अंथरण्यास घरातील सर्वांत मळके धडुते काढून देत असे, कारण ते नंतर टाकूनच द्यावयाचे होते. ज्या दिवशी तिला सर्वाधिक स्वच्छ वस्त्र हवे, त्या दिवशी सर्वांत जीर्ण वस्त्र तिच्या वाट्याला यावे, याहून विपरीत धर्माचरण कोणते असेल?

बाळंतिणीजवळ कोणी असावे कोण, हा प्रश्न आज खेड्यापेक्षा शहरातील गरीब वस्तीत अधिक तीव्र झाला आहे. कापसाच्या बाजारपेठेमुळे नावारूपाला आलेले खामगाव काय किंवा मलकापूर काय, तेथे जिनिंगच्या, हमालीच्या अथवा बांधकामाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबाचे घर म्हणजे भाड्याची एक खोली. गावाकडे निदान नणंद, जाऊ, चुलती हाकेच्या अंतरावर असते, येथे पलीकडच्या खोलीतील बाईही दिवसभर मजुरीवर असते. शासनाने तजवीज केलेली नाही असे नाही. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार आणि वाहन हे सारे विनामूल्य आहे, आणि 2013 च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र ठरविले. महाराष्ट्रात 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 33 होते, देशात 97. हे श्रेय लहान नाही.

या श्रेयातील मोठा वाटा, माझ्या मते, आशाताईचा, म्हणजे वस्तीतील आशा स्वयंसेविकेचा आहे. ती खोलीत येते, गरोदर बाईची खालची पापणी ओढून लाली पाहते, लोहाच्या गोळ्यांचे पाकीट मागते, आणि ते जसेच्या तसे निघाले म्हणजे रागावण्याऐवजी विचारते, मळमळते का? शौचास काळे होते म्हणून भ्यालीस का? काळे होणे हा गोळीचाच गुण आहे, त्यात भिण्यासारखे काही नाही, जेवणानंतर घे म्हणजे पोट ढवळणार नाही, एवढे समजावून ती पुढच्या घरी जाते. निर्मळेचे रूप आजही कोणी घेत असेल, तर ते हेच.

परंतु नागरी केंद्रात बहुधा तपासणीच होते. प्रसूतीसाठी मोठे रुग्णालय गाठावे लागते, आणि तेथील कक्षात कळा देणाऱ्या गरीब बाईला पुष्कळदा जे ऐकून घ्यावे लागते, ते लिहिताना लाज वाटते. तिच्या ओरडण्यावर, तिच्या लुगड्यावर, तिच्या तिसऱ्या खेपेवर शब्दांचे फटके बसतात; देहाचा विटाळ गेला आणि वस्तीचा विटाळ त्याच्या जागी आला. नर्सबाई एकटी आणि खाटा पुष्कळ, ही अडचण खरी आहे आणि तिची दाद शासनाने घेतलीच पाहिजे. पण त्या घटकेला बाईचा हात धरणारी कोणी आपली असावी, ही गरज पदे भरल्यानेही भागत नाही. सरकारी प्रसूतिकक्षात एका सोबतिणीला जवळ राहू देण्याची मुभा केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मुभा आहे, सोबतीण नाही.

म्हणून माझे सांगणे आरोग्यखात्याच्या आधी वारकऱ्यांना आहे. या जिल्ह्यातून दर आषाढीला शेगावची पालखी पंढरीस जाते, आणि गल्लोगल्ली भजनी मंडळे आहेत. प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीतील आशाताईच्या नोंदवहीत दोन स्त्रियांची नावे लिहून द्यावीत: ज्या बाईला कोणी नाही तिच्याबरोबर रात्री-अपरात्री गाडीत बसतील, हात स्वच्छ धुऊन तिच्या उशाशी उभ्या राहतील, आणि ती कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची हे विचारणार नाहीत, अशा दोघींची.