पेपर लिहून झाल्यावरचा नवस

माझ्या धाकट्या बहिणीने तुकोबांना नवस बोललाय. भाची अमेरिकेच्या नर्सिंग परवान्याच्या परीक्षेत, एनक्लेक्समध्ये, पास झाली तर आमच्या संत तुकाराम नगरपासून देहूपर्यंत अनवाणी चालत जायचं. नवस बोलली कधी, तर पोरगी मुंबईच्या सेंटरवर परीक्षा देऊन घरी आल्यावर. उत्तरं देऊन झाली, कॉम्प्युटर बंद झाला. आता देवाने नेमकं काय करायचं? उत्तरं खोडून नवी लिहायची?

मी हे बोलून दाखवलं तर ती चिडली. "ताई, तू जन्मभर सुया टोचल्यास, तुला नाही कळायचं," म्हणाली. पण मला तो प्रश्न सोडवेना. शिवाय नवसाने पोरं होतात असं मानणाऱ्यांची स्वतः तुकोबांनी किती टर उडवलीय! त्यांच्याच नावाच्या वस्तीत राहून त्यांनाच नवस बोलायचा, याची मला गंमत वाटते.

आमच्याकडे अशी वाट बघणारी घरं पुष्कळ. इथेच महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, इथेच डी. वाय. पाटलांचं मेडिकल आणि नर्सिंग कॉलेज. कुणाचं नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या निकालाकडे लक्ष, कुणाचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीकडे, कुणी जर्मन भाषेच्या परीक्षेत अडकलेली.

एनक्लेक्सची तऱ्हा मात्र न्यारी. उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न अवघड काढतो, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. ही मुलगी उत्तीर्णाच्या रेषेच्या वर की खाली, याची मशीनला ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा तिथेच थांबते. हुशार पोरगी असो वा बेताची, मशीन तिला अशा जागी आणून उभं करतं जिथे साधारण निम्मी उत्तरं चुकतात. त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीला आपण बुडालो असंच वाटतं. भाचीचं मशीन ८५वर बंद पडलं. ते फार चांगल्याचंही लक्षण असू शकतं आणि फार वाईटाचंही. अधिकृत निकालाला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि त्यातही गुण नसतात, फक्त पास की नापास.

मग पोरींनी एक युक्ती काढलीय. त्याच परीक्षेला पुन्हा नाव नोंदवायला जायचं. साइटने अडवलं तर पास, पैसे घ्यायला तयार झाली तर नापास. परीक्षा घेणारे सांगतात यावर विसंबू नका, पण ऐकतंय कोण? माझं माहेर कोकणातलं. देवळात गुरव देवाला कौल लावायचा, उजवं फूल पडलं की काम होणार. भाची क्रेडिट कार्ड हातात धरून स्क्रीनकडे बघत होती तेव्हा मला तो गाभाराच आठवला.

तिला हसावं असं मात्र वाटलं नाही. वॉर्डात मी काय वेगळं पाहिलं? बायॉप्सीचा तुकडा लॅबमध्ये गेलेला असतो, गाठ साधी की कॅन्सरची हे केव्हाच ठरलेलं असतं, आणि बाहेर बाकड्यावर बसलेली बायको रिपोर्ट येईपर्यंत जप करत असते. "बाई, आता काय उपयोग?" असं मी एकीलाही म्हटलं नाही. म्हणावंसंही वाटलं नाही.

ज्यूंच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात याचा निवाडा आहे. गावात शिरताना आक्रोश ऐकू आला आणि 'हा माझ्या घरातला नसो' अशी प्रार्थना केली तर ती वाया गेली, कारण जे घडायचं ते घडून गेलं. मायकेल डमेट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६४ साली यावर उलट बाजू मांडली. देवाला पुढचं सगळं दिसत असेल, तर तू नंतर प्रार्थना करणार आहेस हेही त्याला आधीच ठाऊक होतं. मग घडलेलं बदल, असं तू मागतच नाहीस. वेळेच्या हिशेबाने माझी बहीण सुटली म्हणायची.

पण मला त्या निवाड्यात दुसरीच गोष्ट खुपते. आक्रोश माझ्या घरातला नसेल तर तो शेजाऱ्याच्या घरातला असणार. बाकड्यावरच्या त्या बायकोचं मागणं देवाने ऐकलं तर कुणाचंच काही जात नाही. नर्सच्या परवान्याचं तसं नाही. पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल पातळ न करता थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. हे जिला पक्कं माहीत नाही तिला देवाने दयेपोटी पास केलं, तर ती दया ओहायोतल्या नाहीतर टेक्सासमधल्या कुठल्यातरी म्हातारीच्या हातातल्या सलाईनमध्ये उतरणार. ती म्हातारी कुणाला नवस बोलायला गेलेली नाही. म्हणून माझी हरकत नवस उशिरा बोलला याला नाहीच. आदल्या दिवशी बोलला असता तरी असतीच.

परीक्षेतून नर्स कळते का, हा वाद जुना आहे. जिच्या नावाने आपण दिवा हातात घेऊन शपथ घेतो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलच नर्सच्या नोंदणीच्या विरोधात होती. परीक्षेत स्वभाव मोजता येत नाही, असं तिचं म्हणणं. बाईचं खोटं नव्हतं. तरीही १९०१ साली न्यूझीलंडने आणि १९१९ साली ब्रिटनने नोंदणीचा कायदा केलाच. मी त्या कायद्यांच्या बाजूने आहे. माया नसलेली नर्स मी वॉर्डात निभावून नेलीय. डोस न कळणारी कशी निभावणार?

शेजारचे काका भाचीला धीर द्यायला म्हणाले, "तुकोबासुद्धा तेरा दिवस इंद्रायणीकाठी उपाशी बसले होते, तेव्हा कुठे बुडवलेली गाथा वर आली." काकांचं मन मोठं, पण दाखला चुकला. तुकोबांना अभंग रचायचा अधिकार नाही असं वाघोलीच्या रामेश्वर भटांनी ठरवलं, ते त्यांच्या जातीवरून. अभंग तपासून नव्हे. भाचीला तपासलंय तिच्या उत्तरांवरून, आणि तिची जात मशीनने विचारलेली नाही. तुकोबांचा हट्ट न्यायासाठी होता. हिचा न्याय होऊन गेलाय, तो फक्त पोचायचा आहे.

म्हणून घरात मी एवढंच सांगितलंय. प्रार्थना करायची तर पोरीला झोप लागो, अशी करा. चालत जायचंच असेल तर निकाल कसाही लागो, जा. आणि नातेवाइकांनो, "लागला का गं?" असा फोन रोज करू नका. नापास झाली, तर नियमाप्रमाणे ४५ दिवसांनी तिला पुन्हा बसता येतं.